राहुरी मुक्कामी: कोरड्या मुलखातल्या कौटुंबिक सहली

शिर्डीहून शनिशिंगणापूरला निघालेल्या गाड्या राहुरीत थांबतात त्या चहापुरत्या. सकाळी साईबाबा, दुपारी शनिदेव आणि रात्री घर, असा बहुतेकांचा बेत असतो. त्यात आजी-आजोबांना दर्शन घडते, आई-वडिलांना कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मिळते आणि मुलांच्या वाट्याला येतात दोन रांगा आणि गाडीची खिडकी. याच राहुरीत दोन-तीन रात्री मुक्काम केला, तर तासा-दीड तासाच्या अंतरात धरण, कृषी विद्यापीठ, रणगाड्यांचे संग्रहालय, भुईकोट किल्ला, दऱ्या, लेणी आणि दुष्काळाला वळण लावणारे गाव एवढे सगळे पाहता येते.

हा मुलूख पर्जन्यछायेचा. राहुरीला वर्षाकाठी सरासरी 520 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघरला, तो पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. तरीही राहुरीच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना ऊस डोलताना दिसतो. पाऊस एवढा कमी आणि ऊस एवढा हिरवा, हे कसे, असा प्रश्न मुलांना घालून सहलीला सुरुवात करावी. पुढची जवळजवळ प्रत्येक जागा या प्रश्नाचे थोडे थोडे उत्तर देते.

बेत आखताना एक नियम पाळा: एका दिवसात एक दर्शन, एक मोकळी जागा आणि भर दुपारी सावली. दोन देवस्थाने आणि तीन प्रेक्षणीय स्थळे एका दिवसात कोंबली, की कुणाचेच काही धड होत नाही.

कधी जावे, कसे जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. पहाटे स्वेटर लागतो, दुपारचे ऊन सोसते आणि हवा स्वच्छ असल्याने टेकडीवरून दूरवर दिसते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत ज्वारीच्या शेतांत हुरडा निघतो. शहरातल्या मुलांना भट्टीवर भाजलेली कणसे हातावर चोळून, दाण्यांवरची फोलपटे फुंकून खायला शिकवायची असतील, तर हाच हंगाम. जुलै ते सप्टेंबरमध्ये माळ हिरवे होतात आणि डोंगरगणसारख्या ठिकाणी पाणी खळाळते. मात्र या भागात पावसाची हमी नाही, त्यामुळे निघण्याआधी स्थानिकांकडून अंदाज घ्यावा. एप्रिल-मे टाळता आला तर टाळा. पारा चाळिशी ओलांडतो. सुट्टी तेव्हाच मिळत असेल, तर सकाळी सहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच वेळ उघड्यावरच्या जागांसाठी ठेवा.

राहुरी नगर-मनमाड महामार्गावर आहे. नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, दक्षिणेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आणि शिर्डी उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर राहुरी स्टेशन आहे, पण ते गावापासून बाजूला पडते. तिथे उतरणार असाल, तर पुढच्या वाहनाची सोय आधीच करून ठेवा. नगर आणि शिर्डीकडे एसटीच्या फेऱ्या भरपूर आहेत. महिलांना आणि 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, 75 वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास, या सवलतींमुळे तीन पिढ्यांचे कुटुंब एसटीने स्वस्तात फिरू शकते. त्यासाठी ओळखपत्र जवळ हवे. आडवाटेच्या गावांसाठी मात्र दिवसभराची भाड्याची गाडीच सोयीची.

स्वतःची गाडी असेल तर एक सावधगिरी बाळगा. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि उसाने खचाखच भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या रस्त्यावर येतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टीही नसते. त्यात हा महामार्ग अवजड वाहनांचा. म्हणून अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचणे हे वेळापत्रकातले पहिले कलम समजा.

पहिला दिवस राहुरीचाच: धरण आणि विद्यापीठ

राहुरी मुळा नदीच्या काठी वसली आहे. ही नदी सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि पावसाच्या मुलखातले पाणी या कोरड्या पट्ट्यात आणते. राहुरीपासून जवळच, बारागाव नांदूरच्या हद्दीत, तिला मातीच्या भिंतीने अडवले आहे. मुळा धरण ते हेच. जलाशयाचे अधिकृत नाव ज्ञानेश्वर सागर.

धरणाची क्षमता 26 टीएमसी. वर्तमानपत्रात रोज येणारा हा शब्द मुलांना इथे उलगडून सांगता येतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे 2,832 कोटी लिटर पाणी. उजवा कालवा नेवासे, शेवगाव, पाथर्डीकडे जातो आणि डावा राहुरीच्या बाजूची शेते भिजवतो. नगर शहराचे पिण्याचे पाणीही इथूनच जाते. सुरुवातीच्या कोड्याचे अर्धे उत्तर इथे मिळते: राहुरीतला ऊस राहुरीच्या पावसावर वाढत नाही, तो डोंगरातल्या पावसावर वाढतो. धरण भरल्यावर दरवाजे उघडतात तेव्हा बघ्यांची गर्दी होते, पण कुटुंबासाठी हिवाळ्यातली सकाळ अधिक चांगली. तेव्हा पाणी भरपूर असते आणि काठावर पक्षीही दिसतात. भिंतीवर जाण्याला निर्बंध असतात, पहारेकऱ्याने थांबवले तर वाद घालू नये. पाण्यात उतरू नये आणि मुलांना उतरू देऊ नये. जलाशयाचा काठ वरून उथळ वाटतो, पण दोन पावलांत खोली वाढते आणि गाळात पाय रुततो.

उन्हे चढायच्या आत धरण उरकून महात्मा फुले कृषी विद्यापीठात यावे. राहुरीहून नगरकडे जाताना रस्त्यालगतच त्याचा प्रचंड मोठा परिसर लागतो. 1968 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशातले दहा जिल्हे आहेत. बाजारात डाळिंब घेताना आपण ज्या 'भगवा' वाणाची चौकशी करतो, तो इथल्याच संशोधनातून पुढे आला. ज्वारीपासून उसापर्यंत ज्या वाणांच्या नावाआधी 'फुले' लागते, ते या विद्यापीठाचे. गीर, जर्सी आणि होल्स्टिन फ्रिजियन या तीन जातींच्या संकरातून तयार केलेली 'फुले त्रिवेणी' गायही इथलीच. भाजी दुकानात पिकते असा ज्या मुलांचा समज आहे, त्यांना एकाच पिकाचे वेगवेगळे वाण शेजारी-शेजारी उभे दाखवले, की पुस्तकातला धडा उभ्या उभ्या समजतो.

हे विद्यापीठ आहे, उद्यान नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी विभाग बंद असतात. चार-पाच दिवस आधी संपर्क साधून कोणते प्रक्षेत्र, रोपवाटिका किंवा गोशाळा पाहता येईल ते विचारा आणि कामाच्या दिवशी सकाळी जा. घरी बाग असेल, तर फळझाडांची खात्रीशीर रोपे कुठे मिळतील तेही तिथेच विचारून घ्या. आजोबा शेतकरी असतील, तर त्यांना विद्यापीठाच्या कृषी तंत्रज्ञान माहिती केंद्रातून बाहेर काढणे हे तुमचे दिवसातले सर्वांत अवघड काम ठरेल.

पूर्वेला: शिंगणापूर, नेवासे, प्रवरासंगम

राहुरीहून उंबरे, ब्राह्मणी, सोनई असे करत शनिशिंगणापूर तीसेक किलोमीटर. उघड्या चौथऱ्यावरची काळी शिळा आणि दारे नसलेली घरे यांसाठी गाव जगभर ठाऊक आहे. शनिदेव राखण करतो, म्हणून घरांना दरवाजा-कुलूप नको, अशी इथली श्रद्धा. 2011 साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने इथे शाखा उघडली, तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून तिची देशभर बातमी झाली होती. चौथऱ्यावर जाण्याची महिलांना असलेली मनाई आंदोलन आणि न्यायालयीन लढाईनंतर एप्रिल 2016 मध्ये उठली. शाळकरी मुलींना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

शनिवार, अमावास्या आणि विशेषतः शनिअमावास्येला इथे पाय ठेवायला जागा नसते. लहान मूल किंवा गुडघेदुखीने बेजार आजी बरोबर असेल, तर सोमवार ते गुरुवारची सकाळ निवडा. वाटेत दुचाकीवरून गाडीचा पाठलाग करणारे, पार्किंगच्या नावाखाली अडवणारे आणि पूजेचे ताट गळ्यात मारणारे भेटतील. परिसरातले लोक त्यांना 'लटकू' म्हणतात. काच खाली न करता सरळ देवस्थानच्या वाहनतळावर जावे. पूजासाहित्य घ्यायचेच असेल, तर आधी भाव विचारून, मोजके घ्यावे.

तिथून घोडेगावमार्गे नेवासे गाठता येते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली, असे परंपरा मानते, तो पैस खांब इथल्या मंदिरात आहे. शके 1212, म्हणजे इ. स. 1290, हे ज्ञानेश्वरीचे वर्ष. सांगणारे ज्ञानेश्वर तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि लिहून घेणारे सच्चिदानंद बाबा. दहावीतल्या मुलाला याहून वेगळे काही सांगावे लागत नाही. मंदिराचा परिसर झाडांचा आणि शांत आहे. दुपारची सावली गाठायला याहून चांगली जागा या वाटेवर नाही. नेवाशातच मोहिनीराजाचे मंदिर आहे. विष्णूच्या मोहिनी अवताराचे हे देऊळ होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात बांधले. त्याच्या दगडी भिंतींवरचे कोरीवकाम सावकाश पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया यांनी 1954 ते 1956 या काळात नेवाशात उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे पुरावे पुढे आणले. म्हणजे प्रवरेच्या काठाला माणूस हजारो वर्षांपासून धरून आहे. कोरड्या मुलखात माणूस नदी सोडत नाही, हे त्या मातीनेच सांगितले.

वेळ उरला तर देवगडचे दत्तमंदिर किंवा प्रवरासंगम, यांपैकी एकच निवडा. देवगडला स्वच्छता, बाग आणि प्रशस्त आवार असल्याने छोटी मुले मोकळी फिरू शकतात. प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते, तिथे सिद्धेश्वराची कोरीव दगडी देवळे आहेत आणि जायकवाडी धरणाच्या फुगवट्याचे पाणी दूरवर पसरलेले दिसते. हिवाळ्यात दुर्बीण बरोबर असेल, तर संगमच घ्या.

दक्षिणेला: नगर शहर आणि वाटेवरची दरी

शाळकरी मुलांसाठी संपूर्ण सहलीतला सर्वांत रंगणारा दिवस हा. नगरचे रणगाडा संग्रहालय, म्हणजे कॅव्हलरी टँक म्युझियम, लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 साली उभारले. दोन महायुद्धांत वापरलेल्या चिलखती गाड्या आणि रणगाडे इथे उघड्यावर, झाडांच्या सावलीत मांडले आहेत. रोल्स रॉइसची चिलखती मोटार, ब्रिटिश, जर्मन, जपानी रणगाडे, भारतात बनलेला 'विजयंता' आणि 1965च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन यांचा त्यात समावेश आहे. पॅटनसमोर उभे राहून असल उत्तरच्या लढाईची आणि जीपवरच्या तोफेने असे रणगाडे निकामी करणाऱ्या अब्दुल हमीद यांची गोष्ट सांगा. मुले ती विसरत नाहीत. रणगाड्यांवर चढू देत नाहीत, आणि उन्हात तापलेल्या पोलादाला हात लावण्यात शहाणपणही नाही. सकाळी संग्रहालय उघडताच आत शिरावे.

त्यानंतर भुईकोट किल्ला. 1490 साली मलिक अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचा हा किल्ला सपाटीवर, खोल खंदकाने वेढलेला आहे. चढण नसल्याने ज्येष्ठांनाही जमतो. 1595-96 मध्ये चांदबिबीने मुघलांविरुद्ध तो लढवला आणि 1803 साली इंग्रजांनी तो घेतला. 1942च्या 'छोडो भारत' आंदोलनानंतर काँग्रेसच्या वरिष्ठ नेत्यांना इथेच स्थानबद्ध केले होते. त्यांत नेहरू, पटेल, मौलाना आझाद, नरेंद्र देव अशी मंडळी होती. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' 1944 साली इथल्याच कोठडीत लिहिले. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून मोठ्यांची ओळखपत्रे बरोबर ठेवा, प्रवेशाची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या आणि मनाई असेल तिथे छायाचित्रे काढू नका.

दुपारी शहरात जेवण आणि विश्रांती. नगरची शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी मिळाली तर सोडू नका. मुलांसाठी तिखट बेताचे करायला आधीच सांगा. ऊन उतरल्यावर पाथर्डी रस्त्याने शहा डोंगरावरच्या 'चांदबिबीच्या महाला'वर जा. लोक त्याला महाल म्हणत असले, तरी ती निजामशाहीतला मुत्सद्दी सलाबतखान याची कबर आहे. अष्टकोनी, तीन मजली, दगडी आणि साधी. गाडी वरपर्यंत जाते. वरून नगरचे सगळे पठार दिसते आणि निजामशाहीच्या काळात आसपासच्या खेड्यांतून मातीच्या खापरी नळांनी शहरात पाणी कसे आणले असेल, याची कल्पना येते. जमिनीचा नैसर्गिक उतार पकडून, पंपाशिवाय, त्यांनी हे साधले होते. कड्याच्या बाजूला मुलांचा हात सोडू नका आणि सूर्यास्त होताच खाली उतरा.

पावसाळ्यात जाणार असाल, तर नगरच्या दिवसात डोंगरगण बसवा. वांबोरी-नगर रस्त्यावरच्या या गावाजवळ दरीत रामेश्वराचे जुने देऊळ आहे. झाडी, झरे आणि चार सरी पडल्या की वाहणारे ओहोळ यांमुळे इंग्रज या दरीला 'हॅपी व्हॅली' म्हणत. जवळच मांजरसुंब्याचा गड आहे. पायाला सवय असलेल्या किशोरवयीन मुलांना तो जमतो, बाकीच्यांनी देवळाच्या आवारात डबे सोडावेत. दरीतल्या ओल्या दगडांवर शेवाळ असते, त्यामुळे चपलांऐवजी बूट घाला.

पश्चिमेला: पाण्याचा हिशोब ठेवणारे गाव

हिवरे बाजार हे नगर तालुक्यातले छोटे गाव, राहुरीहून दीड तासाच्या आत. पाऊस राहुरीपेक्षाही कमी, जवळ मोठे धरण नाही, कालवा नाही. एके काळी लोक गाव सोडून कामाच्या शोधात जात. 1989-90 पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, शेतीसाठी विंधन विहिरी घेणे थांबवले आणि उसासारखी पाणी खाणारी पिके नाकारली. दरवर्षी किती पाऊस पडला, त्यात गावाची, जनावरांची आणि पिकांची गरज किती, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. पोपटरावांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. मुळा धरणाने सुरुवातीच्या कोड्याचे अर्धे उत्तर दिले होते, उरलेले अर्धे इथे आहे: दुसरीकडून पाणी आणता येत नसेल, तर आपले पाणी मोजून वापरावे.

इथे जाण्याआधी ग्रामपंचायतीशी बोला. अभ्यास भेटींची गावाला सवय आहे, पण ते नांदते गाव आहे, प्रदर्शन नव्हे. लोकांच्या अंगणात शिरून फोटो काढू नयेत. 1972चा दुष्काळ पाहिलेले आजी-आजोबा बरोबर असतील, तर त्यांना बोलते करा. खडी फोडण्याची कामे, सुकडी, मिलोची लाल ज्वारी या गोष्टी नातवंडांनी त्यांच्याच तोंडून ऐकल्या पाहिजेत. हिवरे बाजारच्या बांधावर त्या जितक्या पटतात, तितक्या घरच्या सोफ्यावर पटत नाहीत.

अण्णा हजारे यांचे राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यात, याच बाजूला आहे. तिथले पाणलोटाचे काम 1975 नंतर उभे राहिले आणि पुढच्या अनेक गावांनी त्यावरून धडा घेतला. दोन्ही गावे एकाच दिवशी पाहिली, तर मुलांना कंटाळा येईल. त्यापेक्षा एक गाव आणि एक निसर्गाचे आश्चर्य अशी जोडी लावा.

ते आश्चर्य म्हणजे निघोजचे रांजणखळगे. कुकडी नदीच्या पात्रात काळ्या बेसाल्टमध्ये शेकडो रांजण कोरल्यासारखे खोल खड्डे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षे एकाच जागी गरगरत राहिले आणि त्यांनी खडक घासून हे रांजण केले. भूगोलाच्या पुस्तकातले चित्र इथे पावलांखाली असते. काठावर मळगंगा देवीचे मंदिर आहे, म्हणजे दर्शनही होते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. नदीला पाणी असताना खडक बुळबुळीत असतो, आणि खळगे इतके खोल आहेत की आत पडलेल्याला वर येणे कठीण. दहा वर्षांखालच्या मुलांना पुलावरून आणि सपाट भागावरूनच दाखवा. काठावर सेल्फी काढायला बंदी, हा नियम मोठ्यांनीही पाळावा.

राहुरीहून निघोजचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणून या दिवशी सहाला निघायलाच हवे. तेवढा प्रवास नको असेल, तर नगर-कल्याण रस्त्यावरच्या टाकळी ढोकेश्वरची लेणी घ्या. टेकडीत कोरलेले हे शिवमंदिर, त्यातले भक्कम खांब आणि सप्तमातृकांचा पट अर्ध्या तासात पाहून होतो. पायऱ्या आहेत, पण फार नाहीत.

उत्तरेला: शिर्डी आणि प्रवरेचा काठ

शिर्डीविषयी वेगळे सांगायला नको. फक्त गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि नाताळची सुट्टी टाळा आणि दर्शनाची वेळ आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा. मंदिराबरोबर द्वारकामाई, चावडी आणि लेंडीबाग निवांत पाहा. प्रसादालयात जेवा. सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून हजारोंचा स्वयंपाक करण्याची मोठी यंत्रणा संस्थानने 2009 साली इथे बसवली. ज्या उन्हाने आपण त्रासतो त्याचाही उपयोग करता येतो, हे मुलांना जेवतानाच सांगता येते. लहानांचा हट्टच असेल, तर शिर्डीत जलक्रीडा उद्यान आहे. तिथे अर्धा दिवस जातो आणि खिशालाही बऱ्यापैकी चाट बसते, हे धरून चला.

परतताना दोन थांबे सुचवतो. बाभळेश्वरजवळचे लोणी-प्रवरानगर हे आशियातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाव. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने, शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर तो उभा राहिला आणि 1950च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. हंगामात, पूर्वपरवानगी मिळाली तर, ऊस आत जाऊन साखर बाहेर कशी येते ते पाहता येते. परवानगी नसेल, तर गेटबाहेरची बैलगाड्यांची रांग आणि हवेत भरलेला मळीचा वास एवढेही पुरेसे आहे. दुसरा थांबा प्रवरेकाठच्या कोल्हारचा. भगवती मातेचे दर्शन, रसवंतीत आले-लिंबू घातलेला ताजा रस आणि मग अर्ध्या तासात राहुरी. रस बर्फाशिवाय मागा, मुलांचे पोट बिघडत नाही.

हाताशी आणखी दिवस असतील तर

कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य 1980 साली काळविटांसाठी राखले गेले. क्षेत्रफळ जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर, पण गवताळ माळावर धावणारा काळविटांचा कळप पहाटे पाहिला, की माळ ओसाड असतो हा समज कायमचा जातो. राहुरीहून जाऊन-येऊन पहाट गाठता येत नाही, आदल्या रात्री कर्जतला राहावे. त्याला राशीनच्या देवीची आणि तिथल्या हलणाऱ्या दीपमाळांची जोड देता येते.

उलट्या दिशेला, संगमनेर-अकोलेमार्गे भंडारदरा. 1926 साली पूर्ण झालेले तिथले धरण, रंधा धबधबा आणि कळसूबाईचा परिसर एका रात्रीच्या मुक्कामाशिवाय उरकू नये. कोरड्या पट्ट्यातून निघून तीन तासांत धो-धो पावसात पोहोचणे, हा अनुभव जुलै-ऑगस्टमध्येच मिळतो. घाटातले धुके आणि निसरडे रस्ते पाहता लहान बाळ बरोबर असेल, तर हा बेत सप्टेंबरअखेरीस ढकला.

पिशवीत काय, वहीत काय

माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएसची पाकिटे, टोप्या, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, ज्येष्ठांची औषधे आणि त्यांच्या नावांची चिठ्ठी. आडवाटेवर स्वच्छतागृह मिळत नाही, त्यामुळे मोठ्या मंदिराच्या किंवा पेट्रोल पंपाच्या थांब्यावर सगळ्यांनी उरकून घ्यावे. काही आडगावांत ऑनलाइन पैसे चालत नाहीत, म्हणून सुटे पैसे जवळ असावेत. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्रावळी परत आणायला एक रिकामी पिशवी ठेवा.

दोनच दिवस हाताशी असतील, तर पहिल्या दिवशी सकाळी मुळा धरण, नंतर विद्यापीठ आणि दुपारनंतर शिंगणापूर. दुसऱ्या दिवशी नगरचे रणगाडे, किल्ला आणि चांदबिबीचा महाल. तीन दिवस असतील तर हिवरे बाजार आणि टाकळी ढोकेश्वर जोडा. चौथा दिवस मिळाला तर नेवासे घ्या. शिर्डी येता-जाता होतेच.

मुलांच्या हातात एक वही द्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न लिहायला सांगा: इथले पाणी कुठून येते? धरण, कालवा, खापरी नळ, चर, नदी अशी उत्तरे जमत जातील. घरी परतल्यावर त्याच वहीत आपल्या नळाचे पाणी कुठून येते तेही लिहायला लावा. मोठ्यांनाही ते शोधून काढावे लागेल.